१४ मीटर ६९ सेंटिमीटर

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ‘कॉर्निश लिथियम’ ही कंपनी जमिनीखालच्या गरम, खारट पाण्यातलं लिथियम शोधत होती. युनायटेड डाउन्स नावाच्या माळावर तिने घेतलेल्या एका बोअरमधून भलतंच काही वर आलं. ९०.६ मीटरपासून पुढे सुमारे १०५ मीटरपर्यंतचा दगड गंधकयुक्त खनिजांनी गच्च भरलेला होता. प्रयोगशाळेचा अहवाल सांगत होता : १४.६९ मीटर लांबीत सरासरी ८.४५ टक्के तांबं आणि १.१९ टक्के कथील. त्या जागेतल्या धातूंचे हक्क ‘स्ट्राँगबो एक्सप्लोरेशन’ या दुसऱ्या कंपनीकडे होते. तिने हा निकाल २०२० साली जाहीर केला आणि त्याच वर्षी आपलं नाव बदलून ‘कॉर्निश मेटल्स’ केलं.

आज जगातल्या मोठमोठ्या उघड्या खाणी टनामागे पाच-सहा किलो तांब्यावर चालतात. इथे टनामागे साडेचौऱ्याऐंशी किलो. साहजिकच बातमी झाली. ज्या भूमीत तांब्याची शेवटची चिमणी विझून कित्येक पिढ्या लोटल्या, तिथे पुन्हा तांबं!

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पायाखालची जमीन’ हा विषय दिला, तेव्हा मला हाच आकडा आठवला. एका बोअरमध्ये तांबं सापडणं आणि तिथे तांब्याची खाण होणं यांच्यामध्ये नेमकं काय असतं? हा आकडा जाणकार माणूस कसा वाचतो? ते पाहायला मी कॉर्नवॉलला गेलो.

ग्वेनॅपचा चौरस मैल

रेडरुथ स्टेशनवर उतरून सेंट डे गावाच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात झाडी विरळ होते. रानटी हेदर आणि काटेरी गॉर्सची झुडपं, मधूनच काही म्हणजे काही न उगवणारे राखाडी-तांबूस ढिगारे आणि छप्पर उडालेली उंच दगडी इंजिनघरं. ढिगाऱ्यांवर गवतही धरत नाही, कारण त्यांत आर्सेनिक आहे. या सगळ्या प्रदेशाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. युनायटेड डाउन्स मात्र वारशाच्या देखण्या फलकांपासून जरा दूरच राहिलेलं वाटतं. औद्योगिक वसाहतीतल्या शेड, मोटारी एकमेकींवर आदळवण्याच्या शर्यतींचं मैदान आणि भूऔष्णिक विजेच्या प्रकल्पाची जागा. या प्रकल्पाची एक विहीर ५,२७५ मीटर लांबीची आहे, दुसरी २,३९३ मीटरची. इथल्या जमिनीला भोकं पाडणं नवीन नाही.

एके काळी या भागाला, ग्वेनॅपला, ‘जुन्या जगातला सर्वांत श्रीमंत चौरस मैल’ म्हणत. ‘कन्सॉलिडेटेड माइन्स’ आणि ‘युनायटेड माइन्स’ या इथल्या बलाढ्य खाणी. १८१९ मध्ये जॉन टेलर नावाच्या अभियंत्याने बंद पडलेली कन्सॉलिडेटेड पुन्हा उघडली आणि पुढच्या काळात तिथे तीन हजारांवर माणसं काम करू लागली. याच टेलरच्या घराण्याची ‘जॉन टेलर अँड सन्स’ ही पेढी १८८० पासून आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचा कारभार पाहू लागली आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार कर्नाटकात येऊन राहिले. ग्वेनॅपच्या ढिगाऱ्यावर उभं राहिलं की कोलार फार लांब वाटत नाही.

त्या काळी बोअर नव्हती. खाणीचे कॅप्टन, म्हणजे अनुभवी मुकादम, शिरेच्या मागे मागे बोगदा खोदत जात. शीर म्हणजे खडकाच्या भेगेत खनिजांनी भरलेला उभट पट्टा, ज्याला इथे ‘लोड’ म्हणतात. शीर कुठे जाड होते, कुठे बोटभर उरते, कुठे आडव्या भेगेने तोडून बाजूला सरकवलेली असते, हे त्यांना हाताच्या अनुभवाने कळे. वर आलेला दगड ‘बाल मेडन’ म्हणवल्या जाणाऱ्या बायका-मुली हातोडीने फोडून निवडत. मग विक्री. तिची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. धातुकाच्या ढिगाचे नमुने आधी वेल्समधल्या स्वान्झीच्या भट्टीवाल्यांच्या हस्तकांकडे जात. प्रत्येकजण आपापली परख करी. ठरलेल्या दिवशी सगळे एका टेबलाभोवती बसत, चिठ्ठीवर भाव लिहून देत आणि सर्वांत चढ्या चिठ्ठीला माल मिळे. ढिगात किती तांबं आहे याचा अंदाज जो सर्वांत नेमका बांधेल, तो टिकेल. अंदाज चुकला की पैसे स्वतःचे जात.

१८५०-६०च्या दशकांत परदेशातलं स्वस्त तांबं आलं, १८६६ मध्ये बाजार कोसळला आणि ग्वेनॅपच्या खाणी एकामागून एक पाण्याखाली गेल्या. नव्या बोअरने दाखवलेला पट्टा या दोन जुन्या खाणींच्या मधल्या, न खोदलेल्या जमिनीत आहे. दोन्ही बाजूंनी शेकडो माणसं राबत असताना तो मधला भाग तसाच राहिला, ही गोष्ट मला आकड्याइतकीच विलक्षण वाटते.

पेटीतला दगड

माझ्या ओळखीतली एक नागपूरची मुलगी कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून खनिज-शोधाच्या कामात रुळली आहे. दगडाचे नमुने जिथे तपासतात अशा एका शेडमध्ये तिने मला नेलं. लांबलचक टेबलांवर लाकडी आणि प्लास्टिकच्या पेट्या, पेटीत पन्हळीसारखे खण आणि खणांत मनगटाएवढ्या जाडीचे दगडी दंडगोल ओळीने मांडलेले. याला ‘कोअर’ म्हणतात. आपण गाभा म्हणू. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्यांचे कण बसवलेलं पातं असतं, ते फिरत खडक गोलाकार कापत खाली जातं आणि मधला दगड न फुटता नळीत शिरतो. साधारण तीन मीटर झाले की दोरखंडाने आतली नळी वर खेचतात. दगड पेटीत ठेवतात आणि खोलीचा आकडा लिहिलेला लाकडी ठोकळा मध्ये टाकतात. तो ठोकळा चुकीच्या जागी पडला तर पुढचं सगळं गणित चुकतं.

“काका, आधी पाणी मारायचं,” असं म्हणत तिने फवाऱ्याची बाटली उचलली. कोरडा गाभा मळकट करडा दिसत होता. ओला होताच त्यात पांढऱ्या क्वार्ट्झच्या रेषा उमटल्या आणि एका रेषेच्या कडेला पितळी ठिपके चमकले. तिने भिंग दिलं आणि सुईचं टोक पुढे केलं. पितळी रंगाची खनिजं दोन असतात. पायराइट कठीण, सुईने ओरखडा उठत नाही. त्यात लोखंड आणि गंधक. चाल्कोपायराइट मऊ, त्यावर सुई काळसर-हिरवट भुकटी उठवते. तांबं यात असतं, वजनाच्या सुमारे ३४.६ टक्के. युनायटेड डाउन्सचं सगळं तांबं चाल्कोपायराइटमधलंच आहे असं धरलं, तर ८.४५ टक्के तांब्यासाठी दगडाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा हे एकच खनिज हवं. आमच्या समोरच्या गाभ्यात ते शोधायला भिंग लागत होतं.

नोंदवहीत दर मीटरला काय काय लिहायचं याची तिची यादी मोठी होती. दगड कुठला : ग्रॅनाइट, की इथले लोक ‘किलास’ म्हणतात तो पाटीसारखा थरांचा खडक? किती टक्के गाभा प्रत्यक्षात हाती आला? समजा दोन मीटर बोअर गेली आणि सव्वा मीटरच दगड वर आला, तर पाऊण मीटर कुठे गेला? तो भुसभुशीत खनिजांचा होता की रिकामी जुनी खाण होती? ग्वेनॅपमध्ये दुसरी शक्यता खरोखरच असते. दहा सेंटिमीटरहून लांब अखंड तुकडे किती, तेही मोजायचं, कारण त्यावरून पुढे बोगद्याचं छत किती धरेल हे कळतं. शिरा गाभ्याच्या अक्षाला किती अंशांत छेदतात, तो कोन मोजायचा. ही शेवटची नोंद मला तेव्हा किरकोळ वाटली होती.

मग हिऱ्याच्या करवतीने गाभा उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. उद्या कुणाला शंका आली तर दगड हजर. तांबं आम्लात विरघळवून मोजता येतं. कथिलाचं खनिज कॅसिटेराइट मात्र आम्लाला दाद देत नाही, त्यासाठी वितळवून किंवा क्ष-किरणांनी मोजणी करावी लागते. पद्धत चुकली तर कथील असून दिसत नाही. पिशव्यांच्या मालिकेत मुद्दाम काही फसव्या पिशव्या घुसवलेल्या असतात : एकीत धातू अजिबात नाही असा दगड, एकीत आधीच नेमकी मोजलेली भुकटी, एकीत आधीच्याच नमुन्याची जोडी. प्रयोगशाळेला ते माहीत नसतं. धातू नसलेल्या पिशवीत तांबं निघालं, तर आधीच्या नमुन्याची धूळ यंत्रात राहिली होती हे उघड होतं आणि ती सगळी खेप परत मोजली जाते.

तिरपा छेद आणि सरासरी

आता त्या १४.६९ मीटरकडे वळू.

भिंतीत काटकोनात भोक पाडलं, तर भोकाची लांबी हीच भिंतीची जाडी. तिरपं पाडलं तर भोक लांब निघतं, भिंत मात्र तेवढीच. कॉर्नवॉलच्या शिरा जवळजवळ उभ्या असतात आणि बोअर वरून खाली जाते, त्यामुळे ती शिरेला बहुधा तिरपीच भेटते. १४.६९ मीटर ही गाभ्याची लांबी. शिरेशी कोन ३० अंशांचा असेल, तर शिरेची खरी जाडी सुमारे ७.३ मीटर. १५ अंशांचा असेल, तर फक्त ३.८ मीटर. ही दोन्ही उदाहरणं माझी आहेत, पण शेडमध्ये ती मुलगी कोनमापक घेऊन इतका वेळ का वाकून बसली होती ते यावरून समजतं. कंपन्यांच्या निवेदनात अशा ठिकाणी ‘खरी जाडी’ दिलेली आहे का, की फक्त ‘बोअरमधली लांबी’, हे आधी पाहावं. मथळ्यात बहुतेक वेळा लांबीच येते, कारण ती मोठी असते.

दुसरा प्रश्न सरासरीचा. एका बोअरमध्ये एक मीटर लांबीत २० टक्के तांबं आणि बाजूच्या नऊ मीटरांत ०.१ टक्का मिळालं, असं समजा. सगळं मिळून सांगितलं की होतात ‘१० मीटर, सरासरी २.०९ टक्के’. गणित बरोबर आहे आणि चित्र साफ चुकीचं. नऊ मीटर दगड निकामी आहे, पण तो श्रीमंत मीटरच्या खांद्यावर बसून आत शिरला. म्हणून अनुभवी वाचक आतल्या प्रत्येक नमुन्याचे आकडे मागतो. पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे, सरासरीत न धरलेले नमुने कसे आहेत, हेही तो विचारतो. काही वेळा एखादा अफाट श्रीमंत नमुना सगळी सरासरी ओढून नेतो. तेव्हा हिशोबात त्याला वरची मर्यादा घालतात, नाहीतर एका मुठीएवढ्या दगडाच्या जोरावर हजारो टनांचा साठा श्रीमंत ठरतो.

युनायटेड डाउन्सचा आकडा या चाळण्यांतून गेल्यावरही लहान होत नाही. लांबी आणि प्रत यांचा गुणाकार करून पाहण्याची या धंद्यात पद्धत आहे : १४.६९ गुणिले ८.४५ म्हणजे १२४. खरी जाडी त्यातली पाव भरली, तरी भूमिगत खाणीत हा छेद उत्तमच मानला असता. तांब्यासोबत एक टक्क्याहून जास्त कथील असणं हेही बोलकं आहे. कॉर्नवॉलच्या बऱ्याच शिरांत वर तांबं आणि खोलवर कथील अशी रचना असते. कॅम्बोर्नजवळची डोलकोथ खाण तांब्याची म्हणून वाढली आणि खोल गेल्यावर कथिलाची म्हणून जगली. दोन्ही धातू एकत्र भेटणं म्हणजे बोअर कदाचित त्या सांध्याच्या आसपास असावी. इथे ‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तो काढायला आणखी बोअर घ्याव्या लागतात.

दोन बोअरांमधली जमीन

समजा दर पन्नास मीटरवर एक बोअर घेतली आणि गाभ्याची जाडी नेहमीची, ४७.६ मिलिमीटर आहे. प्रत्येक बोअरच्या वाट्याला अडीच हजार चौरस मीटर येतात आणि आपण प्रत्यक्ष पाहिलेला दगड त्या क्षेत्राचा सुमारे १४ लाखांतला एक भाग असतो. उरलेलं सगळं अनुमान. खनिज साठ्याचा अंदाज बांधणं म्हणजे मुळात या न पाहिलेल्या दगडाबद्दल किती ठामपणे बोलायचं, हे ठरवणं.

त्यासाठी ऑस्ट्रेलियात १९८९ साली ‘जॉर्क’ संहिता आली. ती साठ्याच्या तीन पायऱ्या मानते. दूरदूरच्या बोअरांवरून बांधलेला तो ‘अनुमानित’, जवळच्या बोअरांत शिरेची सलगता पटली की ‘निर्देशित’ आणि अगदी दाट जाळं असलं की ‘मापित’. त्याच्याही पुढे, खोदून विकल्यावर पैसे उरतात हे दाखवलं, तरच त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणायचं. कॅनडाचे नियम २००१ साली कडक झाले, त्यामागे ‘ब्री-एक्स’चं प्रकरण होतं. इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या गाभ्यांच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. १९९७ साली दुसऱ्या कंपनीने त्याच जागी, जुन्या भोकांच्या शेजारी, जोडबोअर घेतल्या आणि सोनं जवळजवळ शून्य निघालं. तिथे अर्धा गाभा राखूनही ठेवलेला नव्हता. सगळाच दळला होता. त्या शेडमध्ये चिरून ठेवलेल्या अर्ध्या गाभ्यांच्या पेट्यांकडे मी मग वेगळ्या आदराने पाहिलं.

युनायटेड डाउन्समध्ये पुढच्या बोअरांना विचारायचे प्रश्न तरी कुठले? शीर दोन्ही दिशांना किती लांब जाते? खाली किती? एखाद्या आडव्या भेगेने तिला तोडलं आहे का? मुख्य प्रश्न असा, की तो श्रीमंत छेद म्हणजे शिरेचा नेहमीचा स्वभाव, की दोन शिरा मिळतात तिथली एक फुगीर गाठ? साधा हिशोब करून पाहू. शीर ३०० मीटर लांब, २०० मीटर खोल, ३ मीटर जाड, घनमीटरला ३ टन वजन आणि सरासरी ३ टक्के तांबं असं समजू. एकूण ५ लाख ४० हजार टन धातुक, त्यात १६,२०० टन तांबं. जाडी तीनऐवजी दोन मीटर निघाली, तर १०,८०० टन. एका मीटरने तिसरा हिस्सा गेला.

कॉर्निश मेटल्सने २०२१ मध्ये लंडनच्या एआयएम बाजारात नोंदणी केली तेव्हा उभा केलेला पैसा मुख्यतः इथल्या पुढच्या बोअरिंगसाठी होता. मात्र पहिल्या छेदासारखा लांब आणि श्रीमंत छेद पुन्हा बातमीत आला नाही. कंपनीचं लक्ष शेजारच्या साउथ क्रॉफ्टीकडे वळलं. १९९८ साली बंद पडलेली ही कथिलाची खाण. तिथे शतकांच्या खोदकामाचे नकाशे आहेत, साठ्याचा मोजलेला आधार आहे. २०२३च्या शरद ऋतूत तिच्यातलं पाणी उपसायला सुरुवात झाली आणि २०२५च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारच्या ‘नॅशनल वेल्थ फंडा’ने कंपनीत २ कोटी ८६ लाख पौंड गुंतवायचं ठरवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. पैसा ज्या दगडाबद्दल सर्वांत जास्त माहिती आहे तिकडे गेला.

डोंगरभर तांबं

ब्रिटनमध्ये युनायटेड डाउन्सच्या नेमकं उलट उदाहरणही आहे. वेल्समध्ये डोल्गेलायजवळ कॉइड-अ-ब्रेनिन नावाचं जंगल आहे. इथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक चक्क दलदलीतली पीट माती जाळून राखेतून तांबं मिळवत. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर तांबं विरघळून येई आणि पीटमध्ये साठे. १९६०च्या दशकाच्या शेवटी रिओ टिंटो-झिंक कंपनीने इथे बोअर घेतल्या. त्यांत शीर नव्हती. खडकाच्या प्रचंड घनात सगळीकडे बारीक विखुरलेलं तांबं होतं : सुमारे २० कोटी टन, सरासरी ०.३ टक्के. म्हणजे जवळपास ६ लाख टन तांबं, पण टनामागे तीन किलो आणि बाकी ९९७ किलो दगड कुठेतरी टाकायचा. जागा स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानात. इथे बोअरचा प्रत्येक निकाल एकसारखा, कंटाळवाणा येतो आणि भूवैज्ञानिकाला तोच हवा असतो, कारण सलगतेबद्दल शंका उरत नाही. अडचण सगळी वर, उजेडात होती. एवढा खड्डा राष्ट्रीय उद्यानात खणायचा का? नुकत्याच स्थापन झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ने विरोध उभा केला आणि १९७३ मध्ये कंपनी निघून गेली. आज तिथे सायकलस्वारांच्या वाटा आहेत. तांबं होतं तिथेच आहे.

अँगलसी बेटावरच्या पॅरिस माउंटनची गोष्ट आणखी चिवट. १७६८ साली तिथे मोठा साठा उघडकीला आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या तांब्याने जगाचा बाजार हलवला. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळांना ठोकलेले पत्रे या खाणीतल्या तांब्याचेही होते. ‘अँगलसी मायनिंग’ कंपनी १९८०च्या दशकापासून तिथे नव्याने काम करते आहे. तांबं, जस्त, शिसं यांचे अनेक पट्टे बोअरांत सापडले, सुमारे ३०० मीटर खोल विहीरसुद्धा खणून झाली, साठ्याचे अंदाज पुनःपुन्हा काढले गेले. खाण अजून सुरू नाही. धातूंचे भाव वरखाली होत राहतात आणि त्याबरोबर ‘किती टक्क्यांच्या वरचा दगड खोदण्याजोगा’ ही रेषाही सरकते. रेषा सरकली की दगड न हलता साठा वाढतो किंवा आटतो.

रियासीचे ५९ लाख टन

कॉर्नवॉलमध्ये हे सगळं पाहताना मला राहून राहून जम्मूतलं रियासी आठवत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली. घराघरांत चर्चा झाली, देश श्रीमंत झाला असे मथळे छापून आले. निवेदनात मात्र दोन शब्द नीट लिहिलेले होते : ‘अनुमानित’ आणि ‘जी-३’. भारतात शोधाच्या चार पायऱ्या मानतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-३ म्हणजे सुरुवातीकडून दुसरीच पायरी, सविस्तर बोअरिंगच्या बरीच अलीकडची. शिवाय ५९ लाख टन हे धातुक होतं, शुद्ध लिथियम नव्हे. लिलाव काढला तेव्हा पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. साठा जाहीर करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काही चुकीचं सांगितलेलं नव्हतं. ग्वेनॅपच्या टेबलावर चिठ्ठ्या टाकणाऱ्या व्यापाऱ्यांनी केलं असतं तेच बोलीदारांनी केलं : आकडा वाचला आणि हात आखडता घेतला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या थानेवासना परिसरात तांब्याचा शोध घेतला गेला आहे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातली मलांजखंड ही तर देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण. विदर्भातल्या वाचकाला अशा बातम्या पुढेही वाचाव्या लागणार आहेत. गावातल्या शेतात यंत्र उभं राहिलं की जमिनीचे भाव, नोकऱ्यांची आशा आणि विस्थापनाची भीती एकाच वेळी जागी होतात. अशा वेळी बोअर किती, एकमेकींपासून किती अंतरावर, जाडी खरी की तिरपी, पायरी कोणती, हे चार प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी विचारायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही.

पाणी

ग्वेनॅपला परत येऊ, कारण एक गोष्ट गाभ्याच्या पेटीत दिसत नाही. १७४८ पासून खणत नेलेला ‘ग्रेट काउंटी अॅडिट’ हा निचऱ्याच्या बोगद्यांचा जाळ्यासारखा पसारा या माळाखाली आहे. त्याच्या बोगद्यांची एकूण लांबी साठ किलोमीटरहून जास्त भरते. कार्नन खोऱ्यात त्याचं तोंड आहे आणि त्यातून पाणी अजून वाहतं. इथे नवी खाण काढायची तर या जुन्या, अर्ध्या नकाशांतल्या आणि अर्ध्या विसरलेल्या पोकळ्यांमधलं पाणी कुठून येईल, किती येईल, उपसून कुठे सोडायचं, याचा हिशोब आधी हवा. जवळची व्हील जेन खाण बंद करून पंप थांबवले आणि जानेवारी १९९२ मध्ये कोट्यवधी लिटर आम्लयुक्त, लोहाच्या गंजाने नारिंगी झालेलं पाणी फाल नदीच्या खाडीत उतरलं. त्या पाण्यावर आजही प्रक्रिया करावी लागते.

म्हणून हल्लीच्या शोधात गाभ्याच्या पेटीबरोबर पाण्याची नोंदही ठेवतात. कुठल्या खोलीवर पाणी एकदम वाढलं, कुठे यंत्राचं पाणी अचानक भेगेत गायब झालं, त्या पाण्याची आम्लता किती, दगडात गंधक किती आणि ते आम्ल शमवणारी चुनखडी किती. हे रकाने तांब्याच्या टक्केवारीच्या शेजारीच असतात आणि त्यांवरून खाण सुरू करण्याआधीच ती बंद करण्याचा खर्च काढला जातो. निघताना त्या मुलीला विचारलं की युनायटेड डाउन्सवर पुढची बोअर तिच्या हातात असती तर कुठे घेतली असती. तिने जुन्या दोन खाणींचा नकाशा उघडला, पहिल्या छेदापासून शिरेच्या रेषेत पन्नास मीटरवर पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि कोन आधीपेक्षा जरा आडवा धरायला सांगितला, म्हणजे शीर सरळ कापली जाईल. मग दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, दुसरा ठिपका दिला. पहिल्यात काहीही निघालं तरी दुसरी घ्यावीच लागेल, असं ती म्हणाली.